वाईचा मराठी विश्वकोश आणि हेके बीजगणिताची भौमितिक साकारणे

प्रस्तावना
तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे आकारास आलेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये व पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. त्याच दशकात गणिताच्या निरूपण सिद्धांतात मूलगामी परिवर्तन घडत होते. या दोन घटनांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा विकास
जर्मन गणितज्ञ एरिख हेके (१८८७–१९४७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बीजगणिताला सांत गटांच्या संदर्भात इवाहोरी यांनी १९६४ मध्ये स्पष्ट रूप दिले. १९७९ मध्ये कझ्दान व लुस्टिग यांनी त्याचा नवा आधार शोधला व त्यातून काही बहुपदी निर्माण केल्या. या बहुपदींचे सहगुणक ऋण नसावेत, असे त्यांचे अनुमान होते. परंतु बैजिक नियमांतून त्याचे कारण दिसत नव्हते. १९८० मध्ये त्यांनीच दाखवले की, वाइल गटांच्या बाबतीत हे सहगुणक म्हणजे शुबर्ट व्हरायटीशी निगडित कोहोमॉलॉजी अवकाशांच्या मिती होत. मिती ऋण असू शकत नाही. म्हणून सहगुणकही ऋण नसतात. चार वस्तूंच्या २४ क्रमचयांपैकी केवळ दोहोंच्या शुबर्ट व्हरायटीवर विलक्षण बिंदू आढळतात व तेथेच बहुपदी १ हून वेगळी होते. १९८७ मध्ये अफाइन हेके बीजगणितालाही असेच भौमितिक रूप मिळाले.

महाराष्ट्रातील कार्य
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शेषाद्री, मुसिली व लक्ष्मीबाई यांनी आणि पुढे १९८५ मध्ये मेहता व रामनाथन् यांनी याच शुबर्ट व्हरायटींवर महत्त्वाचे संशोधन केले. हे संशोधन हेके बीजगणिताविषयी नसले, तरी त्याची भूमी तीच होती.

परिभाषेचा प्रश्न
कीर्तनाच्या परंपरेत ‘निरूपण’ म्हणजे विवरण. गणितात मात्र अमूर्त गटाला आव्यूहांच्या रूपाने प्रकट करणे. ‘साकारण’ ही त्यापुढची पायरी आहे. येथे आकृती केवळ उदाहरणादाखल येत नाही, तर सिद्धतेचा आधार बनते. दोहोंसाठी एकच शब्द योजल्यास हा भेद पुसला जातो.

निष्कर्ष
विश्वकोशाचा विसावा खंड २०१५ मध्ये प्रकाशित झाला. वर्णानुक्रमे चालणारा कोश जिवंत विषयाच्या मागेच राहणार, हा त्याचा दोष नव्हे. वाईने मराठीला परिभाषा घडवण्याची शिस्त दिली. नव्या संकल्पनांसाठी ती पुढे चालवणे हे महाविद्यालयीन अध्यापकांचे उत्तरदायित्व आहे.