६१७४ : देवळालीच्या शिक्षकाची संख्या

१/ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणू, १९०५. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचे गुपित उमगले.

२/ सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची उतरती मांडणी करून तीतून चढती मांडणी वजा करा. उत्तरावर हीच कृती करत राहा. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते : ७६४१ − १४६७ = ६१७४.

३/ कापरेकरांचे जन्मवर्षच घ्या. ९५१० − ०१५९ = ९३५१; पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.

४/ दोन अंकी संख्यांत हीच कृती ६३, २७, ४५, ०९, ८१ या फेऱ्यात अखंड फिरते. चार अंकांत मात्र सर्व वाटा एकाच संख्येला मिळतात.

५/ कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांची दखल घेतली, तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती. आज जगभर ६१७४ ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. शोधाचे साधन होते केवळ शाळकरी वजाबाकी.