नावाला बट्टा लागतो तो कुठून?

“घराण्याच्या नावाला बट्टा लावू नको,” हे आपल्यापैकी कितीजणींनी माहेरी ऐकलं असेल! हा बट्टा मूळचा सराफाच्या दुकानातला. नाणं परक्या टांकसाळीचं किंवा झिजलेलं असलं की सराफ पूर्ण किंमत देत नसे. जेवढं कापून घेई तो बट्टा.

आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर नाव असे दिल्लीच्या बादशहाचं, फारशी अक्षरांत. राज्य मराठ्यांचं अन् नाव मोगलाचं! पण बाजाराला ओळखीचा छाप लागतो. तांब्याच्या शिवराईचं मात्र वेगळं. तिच्यावर आपल्याच अक्षरांत एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. महाराजांच्या काळात निघालेली ही शिवराई पेशवाईतही पाडली जात होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्राच्या बाजारांत चालली. म्हणजे कागदावर इंग्रजी राज्य, अन् मीठ-मिरचीला शिवराई!

हे असं का झालं असेल? सरकारला सारा हवा असतो चांदीत, म्हणून ते आधी रुपयावर हात ठेवतं. पैसा-अधेल्याकडे त्याचं लक्ष उशिरा जातं. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातही हेच घडलं. रोमचं राज्य वाढलं तशी तिथं रोमची चांदी आली, पण गावोगावची काशाची चिल्लर चालू राहिली. पुढं बऱ्याच शहरांनी एका बाजूला रोमच्या सम्राटाचं तोंड छापलं अन् दुसऱ्या बाजूला आपली ग्रामदेवता ठेवली. अथेन्स शहरानं तर आपल्या चिल्लरीवर सम्राट येऊच दिला नाही, अथेना देवीच ठेवली. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

नागपुरात १८१७ साली सीताबर्डीची लढाई भोसले हरले. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं आपल्या मुलखासाठी एक तोळ्याचा एकच रुपया ठरवला. त्यावरून दिल्लीचा बादशहा गेला, विलायतेचा राजा आला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजीराजे वारले, पोटी मुलगा नव्हता. बांकाबाईसाहेबांनी दत्तकासाठी पुष्कळ धडपड केली, पण डलहौसीनं राज्य खालसा केलं. वाड्यातल्या दागिन्यांचा लिलाव कलकत्त्यात झाला.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे. गाडग्यात पुरून ठेवलेल्या बायांच्या पैशाचं काय झालं, ते कुणी लिहिलं नाही. राज्य गेलं की नाण्याच्या छापाची किंमत जाते, धातूची तेवढी उरते. २०१६ च्या नोव्हेंबरात तांदळाच्या डब्यातून पाचशेच्या नोटा काढताना आपला हात कसा कापला होता, आठवा. कागदाला तर धातूचीही किंमत नाही.

१८६२ पासून तांब्याच्या पैशावरही व्हिक्टोरिया राणी आली. राणीछाप रुपयाला कडी लावून आपल्या आज्या-पणज्यांनी तो गळ्यात घातला. राज्य कुणाचंही असो, चांदी अंगावर असलेली बरी, असा तो हिशेब असावा.

नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात जुनी नाणी बघा. आणि घरच्या देव्हाऱ्यात एखादा काळा पडलेला तांब्याचा तुकडा असेल, तर चिंचेनं घासू नका; अक्षरं झिजतात. आधी उन्हात धरून बघा, ‘श्री’ दिसते का.