निमजचा जवान, इटलीतली नदी : ८ वी भारतीय डिव्हिजन आणि लुगो शहर

उत्तर इटलीत रावेन्ना जिल्ह्यात लुगो नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, त्यात आपल्या संगमनेर तालुक्यातील निमज गावच्या एका शिपायाचा वाटा आहे. त्यांचं नाव नामदेव जाधव. जन्म १९२१, शेतकरी कुटुंबातला.

डिव्हिजन कोणती?
अनेक पलटणी, तोफखाना आणि पूल बांधणारे सॅपर मिळून एक डिव्हिजन होते. ८ वी भारतीय पायदळ डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. ट्रिन्यो, सांग्रो, मोरो, गारी अशा नद्या तिनं लढत ओलांडल्या. म्हणून 'आणखी एक नदी' हेच तिचं ब्रीद झालं. जाधव यांची १/५ मराठा लाइट इन्फंट्री याच डिव्हिजनमध्ये होती.

९ एप्रिल १९४५ ला काय घडलं?
लुगोच्या अलीकडं सेनिओ नदी लागते. दोन्ही काठांना पुराचे उंच मातीचे बांध. जर्मनांनी त्यात मशीनगन बसवल्या होत्या, सुरुंग पेरले होते. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडताच पुढच्या तुकडीवर गोळीबार झाला, बहुतेक जण पडले. जाधव यांनी एका जखमीला खोल पाण्यातून, सुरुंगांतून मागं आणलं. परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं.

तिसऱ्यांदा ते एकटेच मशीनगनवर धावले. पहिला मोर्चा टॉमी गननं गप्प केला. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन मोर्चे उडवले. मग बांधावर उभं राहून युद्धघोषणा देत साथीदारांना पुढं बोलावलं. दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झालं. जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, याच डिव्हिजनच्या अली हैदर यांनीही हा सन्मान मिळवला. १९८४ मध्ये जाधव यांचं निधन झालं.

तुमच्या घरातलं कुणी होतं का?
परत न आलेल्या अनेक भारतीय जवानांची स्मृती फोर्ली शहरातील भारतीय युद्ध स्मशानभूमीत जपली आहे. घरातलं कुणी त्या युद्धात गेलं आणि परतलं नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून मोफत शोधता येतं. नाव इंग्रजीत टाकावं लागतं. जुनं स्पेलिंग वेगळं असू शकतं, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून बघा. पलटण माहीत असेल तर शोध सोपा जातो.