आयनवाहक जेल

आयनवाहक जेल हा बहुवारिकाच्या त्रिमितीय जाळ्यात विद्युतवाहक द्रव धरून ठेवणारा मऊ पदार्थ आहे. धातूत इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात; येथे ते काम द्रवातील आयन करतात. द्रव म्हणजे मिठाचे पाणी असल्यास त्यास हायड्रोजेल, आयनी द्रव असल्यास आयनोजेल म्हणतात. ताणता येणाऱ्या पारदर्शक उपकरणांत त्याचा उपयोग होतो.

चिवटपणा

साधे हायड्रोजेल खाण्याच्या जेलीप्रमाणे सहज तुटते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गाँग यांच्या गटाने २००३ मध्ये एक ताठर व एक लवचिक अशी दोन जाळी एकमेकांत गुंफली. ताण येताच ताठर जाळे आधी तुटते व ऊर्जा शोषून घेते. मात्र ही तूट कायमची असते. हार्वर्ड विद्यापीठातील झिगांग सुओ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर मार्ग काढला. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जाळ्यात त्यांनी समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट गुंफले. त्याच्या साखळ्यांना जोडणारे कॅल्शियमचे बंध ताणाखाली सुटतात आणि पुन्हा जुळू शकतात. सुमारे ९० टक्के पाणी असूनही हे जेल मूळ लांबीच्या वीसपटींहून अधिक ताणले गेले. त्याची भंगऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ९,००० ज्यूल, म्हणजे जवळजवळ नैसर्गिक रबराइतकी भरली.

बंधांचे पुंजके प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे मोठे झाल्यास प्रकाश विखुरतो व जेल दुधाळ दिसते. त्यामुळे चिवटपणा वाढवताना पारदर्शकता जाण्याचा धोका असतो.

विद्युतवहन

जेलचा विद्युतरोध धातूपेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय लांबी दुप्पट ताणली की पट्टीचा रोध चौपट होतो. तरीही याच गटाने २०१३ मध्ये मिठाच्या जेलच्या दोन थरांमध्ये विद्युतरोधक रबराचा पातळ पडदा ठेवून पारदर्शक ध्वनिक्षेपक बनवला. तो २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ या संपूर्ण श्राव्य पल्ल्यात चालला. हजारो व्होल्ट दाबाखाली मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन व्हायला हवे होते, ते झाले नाही. रबराची धारिता धातू व जेल यांच्या सीमेवरील धारितेच्या मानाने अत्यल्प असल्याने बहुतेक सगळा दाब रबरावरच पडतो. सीमेवर एक व्होल्टही उरत नाही.

मर्यादा

हवेत पाणी उडून हायड्रोजेल वाळते. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये बनवलेल्या, हातावर बसणाऱ्या स्पर्शपटलात लिथियम क्लोराइड वापरले होते. हा क्षार ओलावा धरून ठेवतो. आयनी द्रव जवळजवळ उडतच नाही, म्हणून अलीकडे आयनोजेलकडे कल वाढला आहे.