बारा रुपये पाच आणे आठ पै

‘मुंबईत पगार मोठा, पण हातात काही उरत नाही, इकडे पगार थोडा, पण भागतं,’ हे वाक्य आपल्याकडे निदान शंभर वर्षे बोलले जात आहे. ते आकड्यांवर घासून पाहण्याची एक जुनी सोय आहे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले आणि त्याचे ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले. हे अंक आणि त्या कचेरीचे अहवाल वाचणे हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जमाखर्च वाचता येतो, तेवढ्याच भांडवलावर हे लिहितो आहे.

फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतील २४७३ कामगार कुटुंबांचे घरखर्च गोळा झाले. १९२५ मध्ये तशीच पाहणी सोलापुरात झाली. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत मुंबईत ५२ रुपये ४ आणे ६ पै, तर सोलापुरात ३९ रुपये १४ आणे १० पै निघाली. फरक १२ रुपये ५ आणे ८ पैंचा. दोन पाहण्यांमध्ये तीन-चार वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात भाव उतरत होते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. म्हणून मी रुपयांपेक्षा खर्चाच्या वाटणीकडे अधिक पाहतो.

मुंबईचे कुटुंब शंभरातले ५६.८ रुपये अन्नावर, ७.४ सरपण-दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर आणि ७.७ घरभाड्यावर खर्च करी, उरलेले १८.५ किरकोळीत जात. सोलापूरचे आकडे याच क्रमाने ४९.२५, ९.६०, ११.८६, ६.२७ आणि २३.०२ असे आहेत.

मिळकत वाढते तसा अन्नावरचा खर्चाचा वाटा घटतो, असा अर्थशास्त्रातला एंगेलचा नियम आहे. तो इथे सरळ लावला, तर कमी मिळवणारे सोलापूरच अधिक सुखी ठरते! पण सोलापूरच्या गिरण्या कामगारांना बाजारभावापेक्षा स्वस्त धान्य देत. म्हणजे मजुरीचा एक भाग रोखीऐवजी पोत्यातून येई. तो मिळकतीच्या आकड्यात पुरता दिसत नाही, पण अन्नाचा खर्च मात्र कमी करतो. मुंबईत अन्नावर निम्म्याहून अधिक पैसा जाऊनही ताट भरलेले नव्हतेच. कामगारांच्या आहारातील धान्य दुष्काळी कामांवरच्या नियमाइतके भरते, पण तुरुंगातल्या कैद्यांना ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा ते कमी आहे, असे शिरास यांच्याच अहवालाने नोंदवले.

भाड्याचेही तसेच. मुंबईसारख्या शहरात घरभाडे खर्चाच्या फक्त ७.७ टक्के, हे वाचून आजचा वाचक हेवा करील. पण त्या काळी मुंबईतील ९७ टक्के कामगार एकाच खोलीत राहत. खर्च आटोक्यात होता, कारण खोली वाटून घेतली जात होती. बायको-मुले गावी ठेवून आलेले पुष्कळ होते. अशा एकट्या पुरुषांचे ६०३ जमाखर्च शिरास यांनी वेगळे घेतले. त्यांचे अर्धे घर कोकणात किंवा घाटावर होते आणि त्या घराचे भाडे मुंबईच्या हिशेबात येत नव्हते.

मग उरत काय होते? मुंबईत ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. व्याज बहुधा रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. सोलापुरात कर्जबाजारी कुटुंबे शंभरात साठांहून अधिक निघाली. तेव्हा ‘इकडे भागतं’ हा उत्तरार्धही या कसोटीवर टिकत नाही. मुंबईत पगार मोठा आणि सोलापुरात खर्च थोडा होता, हे खरेच. पण दोन्हीकडची तूट सावकार भरून काढत होता.

ही तुलना केवळ अभ्यासाची नव्हती. मुंबईच्या गिरण्यांच्या अडचणींची चर्चा होताना बाहेरगावची स्वस्त मजुरी हे एक कारण म्हणून पुढे येई. सप्टेंबर १९२५ मध्ये मुंबईच्या मालकांनी महागाई भत्ता तोडून मजुरी साडेअकरा टक्क्यांनी उतरवली आणि मोठा संप झाला. डिसेंबरात सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेतली गेली. मुंबईच्या कामगाराला ‘तुला जास्त मिळते’ असे सांगणे सोपे होते. त्या जास्तीतून एका खोलीत किती माणसे झोपतात, हे त्या वाक्यात येत नव्हते.

आणखी एक घोटाळा आजही होतो. महागाईचा निर्देशांक एकाच शहरातली भाववाढ मोजतो. मुंबईचा जुना निर्देशांक जुलै १९१४ ला शंभर धरून होता, सोलापूरचा १९२७-२८ ला. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणते शहर महाग, हे ठरत नाही.

आज केंद्र सरकारच्या नोकरांना महागाई भत्ता सगळीकडे एकाच दराने मिळतो. घरभाडे भत्ता मात्र शहराच्या वर्गानुसार ठरतो. त्यात मुंबई ‘एक्स’ वर्गात, सोलापूर ‘वाय’ वर्गात आहे. म्हणजे दोन शहरांतला फरक मुख्यतः छपराचा, हे सरकारने मान्य केले आहे. पण बदलीचा किंवा नव्या नोकरीचा कागद हातात आला, की आपण अजून पगाराचीच वजाबाकी करतो. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पगाराबाहेर काय मिळते, घरातले कोण मागे राहते, आणि महिनाअखेरीस उसने कोणाकडून घ्यावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बारा रुपयांचा अर्थही याच तीन प्रश्नांनी उलगडतो.