विळी : पाट सुताराचा, पाते लोहाराचे

१/ विळीचे भाग दोनच : खाली लाकडी पाट, त्यात रोवलेले वळणदार लोखंडी पाते. पाट सुताराने घडवावा, पाते लोहाराने. महाराष्ट्राच्या खेड्यात या दोन हातांना बांधून ठेवणारी व्यवस्था म्हणजे बलुतेदारी.

२/ सुतार आणि लोहार हे थोरल्या ओळीचे बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर यांची घडण व दुरुस्ती हे त्यांचे मुख्य काम. लाकूड-लोखंड कुणब्याने पुरवायचे, कारागिराने श्रम द्यायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ही देवघेव बारकाईने नोंदवली आहे. घरातली विळी, खवणी, उलथने घडत ती याच भट्टीवर.

३/ हे लोखंड पूर्वी जवळच्या डोंगरातूनही येई. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्या दगडातले लोहखनिज कोळशावर वितळवीत. एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती लोखंड आले, जंगलावर सरकारी निर्बंध आले, आणि त्या भट्ट्या विझल्या. गावचा लोहार मात्र टिकला. परके लोखंडही तो त्याच ऐरणीवर ठोकू लागला.

४/ या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल. बलुते वंशपरंपरागत होते. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचे. पीक बुडाले की बलुतेही बुडे. आपल्या कौशल्याची किंमत ठरवण्याचा अधिकार कारागिराच्या हाती क्वचितच असे.

५/ पुढे रोख पैसा आणि कारखानी माल खेड्यात पोहोचला. गावोपयोगी सेवांबद्दलची इनामे मुंबई राज्याने १९५३ च्या कायद्याने रद्द केली. कारागीर बंधनातून सुटला. पण खळ्यावरचा त्याचा हक्काचा वाटाही सुटला.

६/ विळीवर शेवटचा घाव घातला तो ओट्याने. विळी ही जमिनीवर बसून, पाट पायाखाली दाबून वापरण्याची वस्तू. पाते स्थिर, भाजी हलती, दोन्ही हात मोकळे. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि सुरीने तिची जागा घेतली.

७/ विळ्या-भोपळ्याचे सख्य भाषेत अजून शाबूत आहे. घरात जुनी विळी असेल, तर पाते पाटाला जिथे मिळते ती जागा निरखून पाहावी. दोन कारागिरांच्या कामाचा तो सांधा आहे. त्यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरात सापडणे कठीण.