मेंदूलाही दाह होतो का?

पायात काटा मोडला की तो भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि ठणकतो. दाहाची ही चार लक्षणे आपण वर्गात शिकवतो. त्यामागे संरक्षक पेशींची धावपळ असते, हेही सांगतो. मग एखाद्या मुलाने विचारले, "मेंदूतही असे होते का?" तर? काही दशकांपूर्वी, जंतुसंसर्गासारखे प्रकार सोडले तर, उत्तर बहुधा 'नाही' असेच मिळाले असते. मेंदू हा प्रतिकारयंत्रणेपासून अलिप्त अवयव मानला जाई. हे मत बदलण्यात कॅनडातील पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याचा मोठा वाटा आहे.

दोघेही मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९५४ मध्ये ते व्हँकूव्हरला आले आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मेंदूतील रसायनांवर काम करू लागले. पॅट्रिक यांनी तेथे वैद्यकीय पदवीही घेतली. हे गृहस्थ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून बास्केटबॉल खेळले होते. १९६२ पासून १९८६ पर्यंत ते प्रांतिक विधानसभेत होते, काही वर्षे तर शिक्षणमंत्री! तरीही संशोधन थांबले नाही. १९७६ मध्ये या दांपत्याने उंदरांच्या मेंदूत केनिक आम्ल टोचून हंटिंग्टन विकारासारखे रासायनिक बदल घडवून दाखवले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र यानंतरचे. मेंदूत चेतापेशींखेरीज मायक्रोग्लिया नावाच्या लहान पेशी असतात. स्पेनच्या रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून त्या प्रथम नीट ओळखल्या. या पेशी मेंदूतला केरकचरा गिळतात. मॅकगीर यांनी अल्झायमरने मरण पावलेल्यांच्या मेंदूचे पातळ काप घेतले आणि एचएलए-डीआर या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून ते रंगवले. हे प्रथिन म्हणजे प्रतिकारपेशी कामाला लागल्याची खूण. १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की या मेंदूंतील मायक्रोग्लियांवर ही खूण ठळक दिसते. पुढच्याच वर्षी कंपवाताच्या रुग्णांमध्येही, नेमक्या चेतापेशी मरतात त्या भागात, तेच आढळले.

पण जळत्या घरापाशी बंब दिसला म्हणून आग बंबाने लावली असे ठरत नाही. मायक्रोग्लिया नुकसान करतात, की झालेले नुकसान निस्तरतात? मॅकगीर यांनी एक चतुर वाट शोधली. आमवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे दाहशामक औषधे घेतात. दाहामुळे मेंदूची हानी होत असेल, तर या लोकांत अल्झायमर कमी दिसायला हवा. १९९० मध्ये त्यांनी तसे संकेत प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये १७ पाहण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही कल त्याच बाजूचा निघाला.

आता खरी कसोटी होती. अमेरिकेत २००१ मध्ये सत्तरी गाठलेल्या आणि घराण्यात हा विकार असलेल्या सुमारे अडीच हजार लोकांवर चाचणी सुरू झाली. काहींना नॅप्रोक्सेन, काहींना सेलेकॉक्सिब, तर काहींना निव्वळ दिखाऊ गोळी. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये औषधे थांबवावी लागली. औषधांनी अल्झायमर टळल्याचे काही दिसले नाही.

मग सारे फोल ठरले का? विकाराची सुरुवात लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी होते, म्हणून औषधही लवकर द्यायला हवे, असे पॅट्रिक मांडत राहिले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यान, २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकाचे काही प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतात असे कळले. हे जनुक मेंदूत प्रामुख्याने मायक्रोग्लियांतच कार्यरत असते. म्हणजे या पेशी नुसत्या बघ्या नाहीत, हे मॅकगीर यांचे म्हणणे खरे ठरले. मात्र धोका वाढवणाऱ्या प्रकारांत या पेशींचे साफसफाईचे काम उणे पडते असे दिसते. तेव्हा त्यांना सरसकट दडपणे हा उपाय नव्हे.

आम्हा संशोधकांना ही गोष्ट विसरून चालत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतला फरक शिकवताना ती वर्गातही सांगावी. मुलांना चाचणीचा निकाल लगेच सांगू नये. आधी १७ पाहण्यांपर्यंत येऊन थांबावे, आणि "तुम्ही आजोबांना ही गोळी सुरू कराल का?" असे विचारावे.